‘एनॉर्मस’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि उपयोग : मर्यादेकडून मापाकडे

सारांश

आकाराने किंवा प्रमाणाने फार मोठे असलेल्या गोष्टींसाठी इंग्रजीत ‘एनॉर्मस’ हे विशेषण सर्रास वापरले जाते. द्विभाषिक कोशांतून त्याचा अर्थ ‘प्रचंड’, ‘अवाढव्य’ असा दिला जातो आणि बहुतेक ठिकाणी तो पुरतो. तथापि या शब्दाच्या मुळाशी ‘मोठेपणा’ नसून ‘नियमभंग’ ही कल्पना आहे. विशेषणातून ती जवळजवळ नाहीशी झाली. ‘एनॉर्मिटी’ या नामात मात्र ती आजही जिवंत आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, त्याचे अर्थांतर, मराठीतील समांतर उदाहरणे, वाक्यातील उपयोग आणि अनुवादात, विशेषतः न्यायालयीन अनुवादात, उद्भवणारे प्रश्न यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : अर्थांतर, विशेषण, शब्दसाहचर्य, अनुवाद, भाषाध्यापन.

प्रस्तावना

पदवी वर्गांना इंग्रजी शिकविताना शब्दसंग्रहाचा भाग बहुधा समानार्थी शब्दांच्या यादीने उरकला जातो. ‘बिग’, ‘लार्ज’, ‘ह्यूज’, ‘व्हास्ट’, ‘इमेन्स’, ‘एनॉर्मस’ हे शब्द एका ओळीत लिहून त्यांच्यासमोर ‘मोठा’ किंवा ‘प्रचंड’ असा एकच मराठी शब्द ठेवला जातो. परीक्षेतील एका गुणाच्या प्रश्नासाठी हे पुरेसे असते. मात्र विद्यार्थी स्वतः वाक्य रचू लागला किंवा पदवीनंतर अनुवादाचे, वार्तांकनाचे, न्यायालयीन कागदपत्रांचे काम करू लागला की या यादीची मर्यादा उघड होते. पूर्ण समानार्थी शब्द कोणत्याच भाषेत फारसे नसतात. प्रत्येक शब्द आपला इतिहास, आपली सोबत आणि आपली छटा घेऊन येतो. ‘एनॉर्मस’ हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण त्याच्या इतिहासात मोजमाप आणि नीती या दोन्ही कल्पना एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

व्युत्पत्ती : गुण्याबाहेरचे

‘एनॉर्मस’ हे विशेषण लॅटिनमधील ‘एनॉर्मिस’ या शब्दावरून आले. त्यातील ‘ए’ हे ‘एक्स’ या उपसर्गाचे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ ‘च्या बाहेर’ असा होतो. ‘नॉर्मा’ म्हणजे सुतार किंवा गवंडी काटकोन तपासण्यासाठी वापरतो ते साधन. आपल्याकडील कारागीर त्याला ‘गुण्या’ म्हणतात. भिंतीचा कोपरा किंवा दाराची चौकट काटकोनात नसेल तर ती ‘गुण्यात नाही’ असे म्हटले जाते. ‘एनॉर्मिस’चा मूळ अर्थ नेमका हाच होता : जे गुण्यात बसत नाही ते. त्यावरून ‘अनियमित’, ‘बेढब’, ‘नेहमीच्या मापात न मावणारे’ असे अर्थ निघाले आणि लॅटिनमध्येच ‘फार मोठे’ या अर्थापर्यंत तो शब्द पोहोचला होता.

‘नॉर्मा’ या एका साधनावरून इंग्रजीत शब्दांचे एक कुळच निर्माण झाले. ‘नॉर्म’ म्हणजे मानदंड, ‘नॉर्मल’ म्हणजे मानदंडाला धरून असलेले, ‘ॲबनॉर्मल’ म्हणजे त्यापासून ढळलेले. भूमितीत आणि प्रकाशशास्त्रात ‘नॉर्मल’ हा शब्द पृष्ठभागाशी काटकोन करणाऱ्या रेषेसाठी आजही वापरला जातो. आपल्या शालेय विज्ञानात तिला ‘स्तंभिका’ म्हणतात. सुताराच्या साधनाचा मूळ अर्थ त्या संज्ञेत शिल्लक आहे.

मोठेपणा आणि नियमभंग या दोन कल्पना कशा एकत्र येतात याचे एक चांगले उदाहरण रोमन कायद्यात आढळते. ‘लेझिओ एनॉर्मिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वानुसार, एखाद्याने आपली जमीन तिच्या न्याय्य किमतीच्या निम्म्याहूनही कमी किमतीस विकली असेल तर त्याला तो व्यवहार रद्द करून मागता येत असे. येथे नुकसान आकड्याने मोठे आहे, म्हणूनच ते न्यायाच्या मर्यादेबाहेर जाते. मापाची एक रेषा ओलांडली की संख्येचा प्रश्न नीतीचा प्रश्न होतो, ही धारणा त्या एका विशेषणाने व्यक्त केली आहे.

इंग्रजीतील अर्थांतर

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात रूढ झाला. त्या काळात त्याचे तीन अर्थ शेजारी शेजारी नांदत होते : नियमाबाहेरचा किंवा विपरीत, अत्यंत दुष्ट, आणि फार मोठा. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या नाटकात केंटच्या तोंडी राज्याच्या स्थितीला उद्देशून हे विशेषण आले आहे. त्याचा अर्थ राज्य विस्ताराने मोठे आहे असा नसून त्याची घडी विसकटली आहे असा आहे. आजचा वाचक कोशातील पहिला अर्थ घेऊन त्या स्थळी गेला तर संपूर्ण वाक्याचा आशय हुकतो. अभिजात ग्रंथ शिकविताना परिचित शब्दच अधिक फसवे ठरतात; अपरिचित शब्दासाठी विद्यार्थी निदान कोश उघडतो.

पुढील काळात पहिले दोन अर्थ मागे पडत गेले आणि ‘फार मोठा’ हा अर्थ एकटा उरला. आज ‘एनॉर्मस’ म्हटल्यावर कोणाही इंग्रजी भाषकाच्या मनात दुष्टपणाची छटा सहसा येत नाही. ‘एनॉर्मस सक्सेस’, ‘एनॉर्मस हेल्प’ हे प्रयोग पूर्णपणे प्रशंसापर आहेत.

अशी वाटचाल या एकाच शब्दाची नाही. ‘व्हास्ट’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ ‘ओसाड, रिकामा’ असा होता. ‘ट्रिमेंडस’च्या मुळाशी थरकाप आहे, तर ‘मॉन्स्ट्रस’च्या मुळाशी अशुभ शकुन. ‘इमेन्स’ म्हणजे ज्याचे माप घेतलेले नाही ते. मराठीतील ‘अमाप’ हा त्याचा जणू जुळा भाऊ होय. मोठेपणा सांगण्यासाठी भाषा स्वतंत्र शब्द घडवीत बसत नाही. भय, शून्यता, नियमभंग अशा तीव्र अनुभवांचे शब्द ती उसने घेते, आणि वापराने त्यांची मूळ धार बोथट झाली की केवळ ‘फार मोठे’ एवढाच अर्थ मागे राहतो.

‘एनॉर्मिटी’ : नामाने जपलेला अर्थ

विशेषणाचा नैतिक अर्थ लोपला, पण त्याच कुळातील ‘एनॉर्मिटी’ या नामाने तो सोडला नाही. पंधराव्या शतकापासून इंग्रजीत असलेल्या या नामाचा प्रमुख अर्थ ‘घोर दुष्कृत्य’ किंवा ‘दुष्कृत्याचा घोरपणा’ असा आहे. ‘एनॉर्मिटीज’ असे अनेकवचन आले तर बहुधा ‘अत्याचार’, ‘घोर कृत्ये’ असाच अर्थ घ्यावा लागतो.

अठराव्या शतकापासून हे नाम निव्वळ ‘विशालता’ या अर्थानेही इंग्रजीत वापरले जाऊ लागले आणि तेथे वादाला सुरुवात झाली. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषाव्यवहारविषयक कोशात ही दोन रूपे अर्थाने परस्परांपासून फार दूर गेली असल्याने त्यांची सरमिसळ करू नये, असा सल्ला दिला. दुसऱ्या बाजूस मेरियम-वेब्स्टरसारखे कोश प्रत्यक्ष वापराच्या आधारे दोन्ही अर्थ नोंदवितात. ४ नोव्हेंबर २००८ रोजी शिकागो येथे केलेल्या विजयाच्या भाषणात बराक ओबामा यांनी पुढील कार्याच्या मोठेपणासाठी हेच नाम वापरले होते. तेथे दुष्टपणाचा संबंध नव्हता. कार्याचा आवाका आणि त्याचे दडपण एवढेच अभिप्रेत होते.

हा वाद टिकून राहण्याचे एक कारण व्यावहारिक आहे. ‘एनॉर्मसनेस’ हे नाम व्याकरणदृष्ट्या उपलब्ध असले तरी उच्चाराला बोजड आहे, त्यामुळे लिहिणारा सहजपणे ‘एनॉर्मिटी’कडे वळतो. अध्यापकाने यात कोणती भूमिका घ्यावी? वाचताना दोन्ही अर्थ शक्य आहेत हे लक्षात ठेवावे, आणि स्वतः लिहिताना निव्वळ आकारासाठी ‘मॅग्निट्यूड’ किंवा ‘इमेन्सिटी’ हे निर्विवाद शब्द वापरावेत, असे सुचवावेसे वाटते.

मराठीतील समांतर उदाहरणे

मराठीचे अध्यापक या चर्चेला इंग्रजी विभागाचा खासगी विषय मानणार नाहीत अशी आशा आहे, कारण आपल्या भाषेतही नेमके असेच घडले आहे. ‘प्रचंड’ या शब्दात ‘चंड’ म्हणजे उग्र, क्रोधी हे पद आहे. संस्कृतमध्ये ‘प्रचण्ड’ म्हणजे अत्यंत उग्र. आज आपण ‘प्रचंड लोकप्रियता’ म्हणतो तेव्हा त्यात उग्रतेचा लवलेशही नसतो. ‘अजस्र’चा संस्कृत अर्थ ‘अखंड, न थांबणारे’ असा आहे. मराठीत तो ‘अतिशय मोठे’ असा झाला आणि ‘अजस्र धरण’, ‘अजस्र यंत्र’ असे प्रयोग रूढ झाले. (हा शब्द ‘अजस्त्र’ असा लिहिण्याची चूक मात्र सार्वत्रिक आहे.) ‘भव्य’ म्हणजे मुळात होऊ घातलेले, शुभ, योग्य, मराठीत ते डोळ्यांत भरणाऱ्या मोठेपणाचे विशेषण बनले. फारसीतील ‘जंग’ म्हणजे युद्ध. परंतु आपल्या ‘जंगी सभे’त किंवा ‘जंगी स्वागता’त कोणीही शस्त्र उचलत नाही.

‘एनॉर्मस’ आणि ‘एनॉर्मिटी’ यांच्यातील फारकत समजावून देण्यासाठी मराठीतील सर्वांत उपयुक्त जोडी म्हणजे ‘दांडगा’ आणि ‘दांडगाई’. ‘दांडगा व्यासंग’, ‘दांडगा अनुभव’, ‘दांडगा लोकसंग्रह’ या प्रयोगांत विशेषण केवळ मोठेपणा सांगते आणि तेही कौतुकाने. ‘दांडगाई’ या नामात मात्र दंडेली, जुलूम हाच अर्थ आहे. ज्यांचा व्यासंग दांडगा आहे त्यांच्या ‘व्यासंगाची दांडगाई’ असे आपण म्हणत नाही. ‘धनदांडगा’ या सामासिक शब्दात तर संपत्तीचा मोठेपणा आणि तिच्या जोरावर केलेली अरेरावी एकत्र नांदतात. ही जोडी फळ्यावर मांडली की इंग्रजी शब्दांतील फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही, असा वर्गातील अनुभव आहे.

दुसरे उदाहरण ‘अमर्याद’ या शब्दाचे. मर्यादा म्हणजे शीव, सीमा. आणि मर्यादा म्हणजे शिष्टाचार, लाजलज्जा. ‘अमर्याद आकाश’ म्हणताना पहिला अर्थ असतो, ‘अमर्याद वर्तन’ म्हणताना दुसरा, आणि ‘अमर्याद सत्ता’ म्हणताना दोन्ही. लॅटिनमधील ‘नॉर्मा’ आणि आपली ‘मर्यादा’ यांनी केलेले काम एकाच जातीचे आहे.

आधुनिक मराठीने इंग्रजीतून थेट घेतलेला मोठेपणाचा शब्द म्हणजे ‘जम्बो’. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील या नावाचा हत्ती १८८२ साली अमेरिकन सर्कसवाले पी. टी. बार्नम यांनी विकत घेतला. १८८५ साली कॅनडात रेल्वेच्या धडकेने तो मरण पावला, परंतु त्याचे नाव विशेषण होऊन राहिले. मराठी वृत्तपत्रांतील ‘जम्बो मंत्रिमंडळ’ या प्रयोगाकडे येथे लक्ष वेधणे उचित ठरेल. त्यात मंत्र्यांच्या संख्येबरोबरच ‘इतके असू नयेत’ हा आक्षेपही सामावलेला असतो. २००३ सालच्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा या आक्षेपाला घटनात्मक मानदंड मिळाला. मोठेपणाचा शब्द पुन्हा एकदा नियमभंगाच्या अर्थाकडे वळल्याचे हे उदाहरण आहे.

वाक्यातील उपयोग

व्याकरणदृष्ट्या ‘एनॉर्मस’ हे टोकाचे विशेषण आहे. ‘बिग’ किंवा ‘लार्ज’ यांना कमी-अधिक पायऱ्या असतात, म्हणून त्यांच्याआधी ‘व्हेरी’ लागते. ‘एनॉर्मस’मध्ये ‘फार’ हा अंश आधीच समाविष्ट असल्याने ‘व्हेरी एनॉर्मस’ हा प्रयोग अस्वाभाविक वाटतो. ‘ॲब्सोल्यूटली एनॉर्मस’ किंवा ‘ट्रूली एनॉर्मस’ चालते. त्याची तुलनात्मक रूपेही क्वचितच आढळतात. मराठी भाषक विद्यार्थी येथे वारंवार अडखळतात, कारण मराठीत ‘अतिप्रचंड’, ‘अतिविशाल’ अशी दुहेरी तीव्रता खपून जाते. चूक दुरुस्त करताना तिचे हे मूळ दाखविले तर ती पुन्हा होण्याची शक्यता कमी होते.

शब्दसाहचर्याचा प्रश्न याहून व्यापक आहे. ‘एनॉर्मस’ हे विशेषण मूर्त वस्तूंप्रमाणेच दबाव, फरक, प्रयत्न, खर्च, क्षमता अशा अमूर्त नामांबरोबर सहज बसते. परंतु जेथे मराठीत ‘प्रचंड’ चालते तेथे इंग्रजीत ‘एनॉर्मस’ चालेलच असे नाही. ‘प्रचंड पाऊस’ हा इंग्रजीत ‘हेवी’ असतो, ‘प्रचंड बहुमत’ हे ‘ह्यूज’ किंवा ‘ओव्हरव्हेल्मिंग’, आणि ‘प्रचंड ऊन’ हे ‘स्कॉर्चिंग’. विस्तीर्ण वाळवंटाला किंवा सागराला ‘व्हास्ट’ अधिक शोभते, कारण त्या शब्दात मोकळ्या पसाऱ्याची मूळ छटा टिकून आहे.

उलट दिशेनेही तेवढीच सावधगिरी हवी. इंग्रजी मजकुरात दहा ठिकाणी ‘एनॉर्मस’ आले म्हणून मराठीत दहा वेळा ‘प्रचंड’ लिहिणे म्हणजे आपल्याच भाषेच्या कोठाराला कुलूप लावणे होय. मराठीत संपत्ती ‘गडगंज’ असते, यश ‘घवघवीत’, नुकसान ‘अतोनात’, इमारत ‘टोलेजंग’, देह ‘धिप्पाड’ किंवा ‘अगडबंब’, खर्च ‘वारेमाप’, सभा ‘विराट’, माळरान ‘अफाट’ आणि कर्ज ‘डोंगराएवढे’. यांतील अनेक विशेषणे ठरावीक नामांचीच सोबत करतात. ‘घवघवीत नुकसान’ किंवा ‘टोलेजंग यश’ म्हटले तर ऐकणाऱ्याला हसू येईल. अलीकडे वृत्तपत्रांत आणि विद्यार्थ्यांच्या लेखनात या सर्वांच्या जागी एकटे ‘प्रचंड’ येताना दिसते. त्याला इंग्रजीचा प्रभाव हे एकच कारण नसले, तरी एका शब्दासमोर एक शब्द मांडणारी आपली अध्यापनपद्धती त्यास हातभार लावते हे मान्य करावे लागेल.

न्यायालयीन अनुवादातील प्रश्न

वरील भेद केवळ शैलीचा नाही, हे न्यायालयीन भाषेवरून स्पष्ट होते. फाशीची शिक्षा ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने बच्चन सिंग खटल्यात १९८० साली घालून दिले. त्यानंतर १९८३ च्या माछी सिंग खटल्याच्या निकालात ते लागू करताना विचारात घ्यावयाच्या पाच बाबी सांगितल्या : खुनाची पद्धत, त्यामागील हेतू, कृत्याचे समाजविघातक किंवा समाजाला घृणास्पद वाटणारे स्वरूप, गुन्ह्याचा आवाका आणि बळी पडलेल्या व्यक्तीचे स्वरूप. यांतील चौथ्या बाबीचे स्पष्टीकरण करताना ‘एनॉर्मस’ हे विशेषण आले आहे. एखाद्या कुटुंबातील अनेकांच्या किंवा एखाद्या जातीच्या, समाजाच्या वा वस्तीतील बहुसंख्य लोकांच्या हत्या हे तेथील उदाहरण आहे. म्हणजे येथे शब्दाचा अर्थ निखळ संख्यात्मक आहे. कृत्याच्या घृणास्पदतेचा विचार तिसऱ्या बाबीत स्वतंत्रपणे केलेला आहे.

अनुवादकाने या ठिकाणी ‘घोर गुन्हा’ असे लिहिले तर तिसरी आणि चौथी बाब एकमेकींत मिसळतील आणि निकालाने वेगळी ठेवलेली कसोटी वाचकाला दिसणारच नाही. याउलट दुसऱ्या एखाद्या निकालात ‘एनॉर्मिटी ऑफ द क्राइम’ असा प्रयोग आला आणि त्याचे ‘गुन्ह्याची विशालता’ असे भाषांतर झाले, तर न्यायाधीशांनी कृत्याच्या अमानुषतेबद्दल नोंदविलेले मत मराठीत आकारमानाचे वर्णन होऊन बसेल. तेथे ‘गुन्ह्याचे घोर स्वरूप’ हेच योग्य. माणसाच्या जिवाचा निर्णय ज्या वाक्यांवर अवलंबून असतो, त्यांत विशेषणाची निवड हा किरकोळ प्रश्न राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निकालांच्या अनुवादासाठी ‘सुवास’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली आणि तीत मराठीचाही समावेश होता. यंत्राच्या साहाय्याने होणाऱ्या अनुवादाचा वेग स्वागतार्ह आहे. परंतु हे नाम कोणत्या ठिकाणी माप सांगते आणि कोणत्या ठिकाणी पातक, हे तपासणारा जाणकार वाचक त्यानंतरही लागणारच. असा वाचक घडविणे हे भाषा विभागांचे काम आहे.

काही ठिकाणी मूळ लेखकाला दोन्ही अर्थ अभिप्रेत असतात. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री झालेल्या भोपाळ वायुदुर्घटनेविषयी कोणी ‘एनॉर्मिटी’ हे नाम वापरले, तर त्यात बळींची संख्या आणि निष्काळजीपणाचे गांभीर्य या दोहोंचा निर्देश असू शकतो. अशा वेळी ‘विशालता’ उणी पडते आणि ‘दुष्टता’ आवाका सांगत नाही. ‘भीषणता’ हा मराठी शब्द दोन्ही अंगे बऱ्याच अंशी सांभाळतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, ‘एनॉर्मस’ हा शब्द मुळात मानदंडाबाहेर जाण्याचा निर्देश करीत होता आणि आकाराचा अर्थ त्यातूनच विकसित झाला. दोन, विशेषण आणि नाम यांचे अर्थ वेगवेगळ्या दिशांनी गेले असल्याने एकाच्या अर्थावरून दुसऱ्याचा अर्थ गृहीत धरू नये. तीन, ‘दांडगा–दांडगाई’, ‘अमर्याद’, ‘प्रचंड’ ही मराठी उदाहरणे इंग्रजी अर्थांतर शिकविण्याचे उत्तम साधन असून इंग्रजी व मराठी विभागांनी हा भाग एकत्रितपणे शिकविल्यास दोन्ही विषयांना लाभ होईल. चार, शब्दाचा अर्थ नामाच्या सोबतीसह शिकवावा. ‘एनॉर्मस म्हणजे प्रचंड’ या एका ओळीने ते काम होत नाही. पाच, विधी, इतिहास आणि पत्रकारिता या विषयांच्या अध्यापकांनीही ‘एनॉर्मिटी’ आढळताच संदर्भ तपासण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

शब्दसंग्रह वाढविणे म्हणजे शब्दांची संख्या वाढविणे एवढेच नव्हे, तर परिचित शब्द कोठपर्यंत आपला अर्थ पेलतो हे ओळखणेही होय. महाविद्यालयीन स्तरावर ही दृष्टी रुजविण्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक तासिकेत एका शब्दाला दहा मिनिटे दिली तरी ते साध्य होऊ शकेल.